पंचाहत्तरीत मिळालेली दाद

महोदय,

मुलांसाठी लिहिणारा म्हणजे अजून हात बसतोय, पुढे ‘खरे’ साहित्य लिहील, हा समज काही जात नाही. बालसाहित्याचा मानाचा हॅन्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार १९५६ साली पहिल्यांदा दिला गेला, तो इंग्लंडच्या एलिनॉर फार्जन यांना. त्यांचा जन्म १८८१ चा. लंडनच्या वस्त्यांच्या नावांवर रचलेली त्यांची बालगीते १९१६ मध्ये पुस्तकरूपाने आली होती. म्हणजे मधली चाळीस वर्षे बाई गद्य आणि पद्य दोन्ही लिहीत होत्या. याला हात बसवणे म्हणायचे का?

दोन्ही सांभाळणे सोपे नसते. बडबडगीतात एक मात्रा जास्त झाली की मोठ्याने वाचणारे मूल नेमके तिथेच अडखळते. मोठा वाचक ती मनातल्या मनात गिळून पुढे जातो. गोष्टीत लेखक उपदेशाला लागला, की मूल सरळ पान उलटते. (समीक्षक मात्र त्याच उपदेशाला ‘संस्कारक्षम’ म्हणतात!)

अशा लेखकांवर लिहिताना पुस्तकांची यादी आणि पुरस्कारांची जंत्री, एवढ्यावरच बहुतेक लेख संपतात. कवितेचा कान गोष्टीतल्या वाक्यांना कुठे उपयोगी पडला, वीस वर्षांत यमकांचा सोस कमी झाला का, याबद्दल चकार शब्द नसतो. आपल्या पुरवणीत निदान एखाद्या बालसाहित्यिकाच्या पहिल्या आणि अलीकडच्या कविता शेजारी शेजारी छापून त्यावर कुणाकडून तरी नीट लिहून घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक