काम सोडणाऱ्या शास्त्रज्ञाचा धडा

विज्ञान दिनी मुलांकडून शोध लावणाऱ्यांची नावे पाठ करून घेतो. हातातले काम सोडणाऱ्याचे नाव कुणी सांगत नाही. पोलंडमध्ये जन्मलेले जोसेफ रॉटब्लाट १९४४ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात गेले, ते हिटलरने आधी बॉम्ब बनवला तर काय, या धास्तीने. जर्मनीचा तसा प्रयत्न उरलेला नाही हे कळताच वर्षअखेरीस त्यांनी सामान बांधले. पत्नी पोलंडमध्ये अडकलेली (ती नाझींच्या नरसंहारात गेली), म्हणजे सूडाला कारण कमी नव्हते. वर हेरगिरीचा संशय घेतला गेला तो वेगळाच! पुढे त्यांनी किरणोत्सर्गाचा वैद्यकीय अभ्यास केला, अण्वस्त्रांविरुद्ध शास्त्रज्ञांच्या ‘पग्वॉश’ नावाच्या परिषदा चालवल्या आणि १९९५ मध्ये शांततेचे नोबेल या परिषदांसोबत विभागून मिळाले.

डॉक्टरांसारखी शपथ शास्त्रज्ञांनीही घ्यावी, असे ते म्हणत. शपथेने सगळे सुधारतात असे नाही, हे रुग्ण म्हणून आपण जाणतोच. तरी विज्ञान शाखेच्या पदवीदान समारंभात अशी दोन वाक्ये म्हणायला काय हरकत आहे? निदान पाठ्यपुस्तकात अणुविखंडनाच्या आकृतीशेजारी रॉटब्लाट यांच्यावर एक चौकट तरी द्यावी.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा