हार्टच्या ऑपरेशननंतर पोरांना मनानं अँटिबायोटिक देऊ नका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी रिटायर्ड सिस्टर आहे, बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमधे काढली, आता अक्कलकोट रोडला राहते. आमच्या शेजारच्या चिमुरडीच्या हृदयाला भोक होतं, अंगणवाडीच्या तपासणीत सापडलं, पुण्यात ऑपरेशन झालं आणि पोरगी छान आहे. पण घरी आल्यावर आजी म्हणतात, "एवढं छाती उघडून ऑपरेशन केलेत आणि अँटिबायोटिक दोन दिवसात बंद केलेत की ओ, गरिबाचं लेकरू म्हणून." मग मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सिरप आणलं, मी गेले तेव्हा बाटली निम्मी संपलेली.

गरिबीचा इथं काही संबंध नाही हो. ऑपरेशनच्या वेळचं अँटिबायोटिक जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून असतं, त्यामुळे चीर देताना ते रक्तात पुरेसं असावं लागतं. सेफॅझोलिनसारखं इंजेक्शन चीर द्यायच्या आधी तासाभराच्या आत देतात, किलोला साधारण ३० मिलिग्रॅम, म्हणजे ५ किलोच्या बाळाला १५०. म्हणून तर ऑपरेशनआधी परत वजन करतात, लोक उगीच कंटाळतात त्याला. आणि लहान बाळाचं खरं अवघड पुढंच आहे, ५ किलोच्या बाळात रक्तच जेमतेम ४०० मिली, त्याला हार्ट-लंग मशीनला (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसाचं काम करणारं मशीन) जोडलं की मशीनच्या नळ्यांत आधीच भरलेलं पाणी-रक्त त्यात मिसळतं आणि औषध एकदम पातळ होतं, मोठ्या माणसात एवढा फरक पडत नाही. म्हणून काही ठिकाणी मशीनमधेच डोस घालतात, ऑपरेशन लांबलं तर ४ तासांनी परत देतात, रक्त जास्त गेलं तर त्याआधीच. भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडं बघत असतात ते यासाठीपण.

एकदा छाती शिवली की साधारण २४, फार तर ४८ तास, बास. छाती उघडी ठेवावी लागली किंवा इन्फेक्शन दिसलं तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतात. उगीच आठवडाभर पाजून जखम जास्त सुरक्षित होत नाही, उलट जुलाब लागतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे वाढतात, मग खरंच गरज पडली की तेच औषध लागू पडत नाही.

माझी विनंती मोठ्या दवाखान्यांना आहे, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत हातात देऊन मोकळं होऊ नका, आपल्या सोलापुरात किती घरात तेलुगू-कन्नड बोलतात, औषध का बंद केलं हे आजीला कळेल असं दोन मिनिटं सांगा. मेडिकलवाल्यांनीपण चिठ्ठी बघितल्याशिवाय अँटिबायोटिक देऊ नये. आणि आईवडिलांनो, ताप आला, टाके लाल झाले, पाणी-पू यायला लागला किंवा पोर दूध ओढेना तर घरातली बाटली उघडत बसू नका, त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावा, तो नाही लागला तर सरळ सिव्हिलला न्या.

– एक निवृत्त परिचारिका, सोलापूर