मोबाईल उघडायला कुणाची सही लागते?

संपादक साहेब, नमस्कार.

माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. मध्यंतरी चोरीच्या फोनच्या चौकशीला पोलीस आले, ते आले त्याबद्दल तक्रार नाही, असला माल आमच्या लाईनीत फिरतो हे आम्हालाबी माहीत आहे. पण ज्याचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर) जुळला तो फोन घेतलाच, वर डिस्प्ले बदलायला आलेले तीन गिऱ्हाइकांचे फोनपण पिशवीत टाकले. वहीवर माझी सही घेतली, शूटिंग काही केलं नाही. एका ताईंच्या फोनमागं मी चिकटपट्टी लावून नऊ ठिपक्यांचा पॅटर्न काढून ठेवलेला, तो तसाच गेला. त्या फोनात पोरांचे फोटो, बँक, नवऱ्याबरोबरची भांडणं, सगळं असणार की.

१ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू झाले, त्यातल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपास कसा करायचा ते सांगणारा कायदा) कलम १०५ मध्ये झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं लिहिलंय, हे एक नंबर काम झालं (पंच म्हणून शेजारच्या मिसळवाल्याला उठवून आणायचं आणि त्यानं न वाचता सही ठोकायची, हे आपल्याकडं किती वर्षं चाललंय). पण त्याच कायद्याच्या कलम ९४ मध्ये मोबाईलसारखी साधनं पण आली आणि ती हजर करा असा लेखी आदेश कोर्टासारखाच ठाण्याचा इन्चार्जपण काढू शकतो, म्हणजे तपास करणाऱ्यानंच परवानगी द्यायची! कुणाचा फोन टॅप करायचा तर राज्याच्या गृह सचिवांच्या लेव्हलची परवानगी लागते, आणि दहा वर्षांचे मेसेज एका पिशवीत न्यायला ठाण्यातला कागद पुरतो, हे काय गणित मला जमलं नाही. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलंय ना?

कोर्टाची परवानगी घ्यायची तर उशीर होतो, असं पोलीस म्हणतील. आता समन्स पण ऑनलाईन पाठवता येतं, मग मॅजिस्ट्रेटची परवानगी तासाभरात का येऊ नये, त्यात कुठल्या तारखांचे मेसेज बघायचे तेवढंच लिहा, बाकीचं बंद ठेवा. मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंचपण आता आपल्या कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोर आलंय, वकील मंडळींनी हा विषय तिथं न्यावा.

त्या ताई रोज फोन करतात, शेजारणीच्या मोबाईलवरनं. त्यांच्यासाठी मागवलेला डिस्प्ले माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.

आपला वाचक,
एक मोबाईल दुकानदार, कोल्हापूर