शाळा वेगळी असावी, तुटक नको

महोदय,
पर्यायी शिक्षण देणाऱ्या स्वतंत्र शाळांकडे परिसरातले लोक बहुधा कौतुकाने तरी पाहतात, नाहीतर संशयाने. परीक्षांचा धाक नाही म्हणजे शिस्तही नसणार, असे सहज धरले जाते. इंग्लंडमधील समरहिल शाळेत (स्थापना १९२१) रोजचे नियम शाळेच्या सभेत ठरतात आणि तिथे लहान मुलाच्या मतालाही शिक्षकाच्या मताइतकेच वजन असते. ही शिस्तच आहे, आणि पाळायला अवघड आहे.

मात्र अशा शाळांनीही कुंपणाआड राहू नये. शेजारच्या सुताराला, परिचारिकेला शिकवायला बोलवावे. संध्याकाळी ग्रंथालय सर्वांना खुले करावे. शुल्क परवडत नाही म्हणून भिंतीपलीकडचेच मूल बाहेर राहते, हे मला फार खटकते. सवलतीच्या जागा आधी त्या मुलांसाठी ठेवाव्यात.

– एक पालक