मनं बदलतील तेव्हा बदलतील, आधी पद्धत बदला

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

हल्ली बऱ्याच ऑफिसांत वर्षातून एकदा समावेशकतेचं ट्रेनिंग होतं, अर्धा दिवस स्लाइड्स, मग ग्रुप फोटो आणि दुसऱ्या दिवसापासून पहिले पाढे पंचावन्न. ट्रेनिंग वाईट असं मी म्हणत नाही, पण माणसांची मनं बदलायची वाट बघत बसलो तर पिढ्या जातील, त्याआधी भरती, पगार, बढती यांची पद्धत बदला हे मला कळकळीने सांगायचंय.

अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुलैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बोस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५००० बनावट बायोडेटा पाठवले होते, निष्कर्ष २००४ साली छापून आले. बायोडेटांना गोऱ्यांची वाटणारी आणि कृष्णवर्णीयांची वाटणारी नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटून दिली होती, आणि गोऱ्या नावांना जवळपास ५० टक्के जास्त फोन आले! आता ते बायोडेटा बाजूला ठेवणारे सगळे दुष्ट होते असं मला नाही वाटत. गठ्ठा मोठा, वेळ कमी, ओळखीचं वाटलं ते वर ठेवलं. म्हणून म्हणते पहिल्या चाळणीत नाव, फोटो, वय झाका. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा, प्रत्येकाने आपले मार्क आधी लिहावेत आणि मगच चर्चा करावी, नाहीतर साहेब पहिलं बोलले की बाकीचे माना डोलावतात. आणि "आमच्या टीममध्ये बसणार नाही" हे कारण चालवूनच घेऊ नका, नेमकं काय बसत नाही ते लिहून मागा.

पगाराचंही तेच. समान मोलाच्या कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९५१ चा आहे, तरी शेजारच्या टेबलावरच्याला किती मिळतात हे आजही गुपित. आइसलँडमध्ये २०१८ साली २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांनीच आपण समान पगार देतो हे दाखवून सर्टिफिकेट घ्यावं असा कायदा लागू झाला, म्हणजे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर, तक्रार करणाऱ्या बाईवर नाही. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

बाकी छोट्या गोष्टींतही दिसतंच की. अपंगांसाठीचं टॉयलेट असतं, दारावर निळी पाटी असते आणि आत खोके, बादल्या, तुटकी खुर्ची. कागदावर सोय झाली, व्हीलचेअरवरचा माणूस मात्र दिवसभर पाणी न पिता बसतो. मीटिंगचे मुद्दे लिहायला दर वेळी तीच एक मुलगी आणि लिहिता लिहिता तिला बोलायलाच मिळत नाही, मग अप्रेजलला म्हणायचं तू पुढे येत नाहीस. वस्तीच्या, मंडळाच्या बैठकाही अशा वेळेला ठेवतात की घरी म्हातारं माणूस किंवा लहान मूल असलेलीला येताच येणार नाही, मग निर्णय "सर्वानुमते" कसा काय होतो?

साहेब, एक काम तुमच्याही हातात आहे. पेपरात नोकरीच्या जाहिराती छापता त्यात पगार किती ते लिहिणं सक्तीचं करा, आणि "फक्त पुरुष", "अविवाहित मुलगी हवी" असलं काही काम तसं मागत नसताना लिहिलेलं असेल तर ती जाहिरात परत पाठवा.

आपली नियमित वाचक