गवंडीमामा, भिंत कोरडी आहे

गवंडीमामांस,
सा. न. वि. वि.

परवा तीन दिवस पावसाची झड होती आणि शाळेची भिंत कोरडी राहिली. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून दिला असता, म्हणून लिहितोय. नातवाकडून वाचून घ्या. चारचौघांत लिहितोय, कारण आपल्या सोलापूर जिल्ह्यात अजूनही दगडी शाळा उभ्या आहेत, आणि निर्लेखनाचा, म्हणजे इमारत बाद ठरवून पाडायचा, कागद निघाला की जेसीबीला एक दुपार पुरते.

आपलीही त्याच वाटेवर होती. रस्त्याकडेला स्लॅबची नवी शाळा झाली, जुनीवर लाल रंगात 'धोकादायक' लिहून कुलूप लागलं. ग्रामसभेत ठराव करून आम्ही ती मागून घेतली. मोठा वर्ग अभ्यासिकेला, पडवीकडची खोली बचत गटाच्या कडक भाकरीला. आणि पहिल्याच वर्षी घोडचूक केली. भिंतीला लोणा, म्हणजे ओलीनं सुटणारा पांढरा खार, लागलेला दिसला म्हणून एका ठेकेदाराकडून आतून सिमेंटचा गिलावा मारून घेतला. दिसायला झकास. पावसाळा आला तसा भिंतीला घाम फुटला, गिलाव्याचे पापुद्रे सुटले आणि टोपल्यातल्या भाकरी सादळल्या. बायका म्हणत होत्या, भिंतीचंच काहीतरी आहे. आम्ही शिकलेले कौलांना दोष देत बसलो.

मग तुम्ही आलात. अक्कलकोटाकडची बोली, निम्मं मराठी, निम्मं कन्नड. चहा बाजूला ठेवून थापीच्या मुठीनं भिंत ठोकत सगळी फेरी मारलीत. "इल्ला, इल्ला. भितीला बी दम घ्यावा लागतो. सिमिटानं तोंड बांधलंय तिचं." जमिनीतून दगडात चढणारी ओल चुन्यातून हळूहळू उडून जाते, सिमेंट तिला आत कोंडतं, हे मला त्या एका वाक्यात कळलं. आम्ही पैसे देऊन लावलेला गिलावा तुम्ही दोन दिवसांत पाडलात. तेव्हा पोटात कालवलं होतं, आता खोटं कशाला सांगू.

पूर्वेच्या भिंतीला पोट आलं होतं. तिथं ठोकलं की आवाज बद्द यायचा. दोन फूट जाड भिंत म्हणजे भक्कमच, असा आमचा समज. तुम्ही एक दगड काढून दाखवलात. बाहेर ताशीव काळ्या दगडाचा एक पदर, आत ओबडधोबड दगडाचा दुसरा, मध्ये माती नि चिपा, आणि दोघांना बांधणारं काहीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीकडे भूकंपात अशाच भिंतींचे पदर सुटले आणि वरच्या धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, माती झोपलेल्या माणसांवर आली. तेव्हापासून आपल्याकडे दगडी भिंतीची जी धास्ती बसली ती बसलीच. तुम्ही त्यानंतर औसा-उमरग्याकडे कामाला होतात, हे तुम्ही जेवताना सहज बोललात. आपल्या शाळेवर धाबं नाही, सागवानी कैच्यांवर मंगलोरी कौलं आहेत, माथ्यावर ओझं कमी. तरी तुम्ही दर चार फुटांवर दोन्ही पदर धरून ठेवणारा लांब दगड आरपार बसवलात. दिवसाला चारच. मी घाई केली की, "साकु! पुरे. रात्रभर बसू दे तिला."

चुन्यासाठी तर तुम्ही आमचं डोकं खाल्लंत. कळीचा चुना खड्ड्यात विझवून तीन आठवडे तसाच ठेवायचा, मग वाळू आणि विटांची भुकटी घालून बैलांनी फिरवायच्या चुन्याच्या घाणीत मळायचा, वरून गुळाचं नि बेलफळाचं पाणी. मारुतीमागच्या त्या गोल दगडी घाणीचा उपयोग आम्हाला शिवणापाणी खेळण्यापुरताच ठाऊक होता. बैलजोडी भाड्यानं आणली. चुना थापीला चिकटला की परत चाक फिरवा, लोण्यासारखा घसरला की उचला. आतला दगड उघडा ठेवू या, हल्ली हॉटेलवाले ठेवतात तसा, असं मी म्हणालो तर तुम्ही माझ्याकडे बघितलंतही नाही. "ह्यो घडवलेला दगड न्हाई. त्याला अंगरखा लागतो."

दारावरची फळी मात्र माझ्या मनातून जात नाही. रंग द्यायचा म्हणून मी ती पत्र्यानं खरवडत होतो आणि तुम्ही हात धरलात. वर 'जि. प. प्राथमिक शाळा', म्हणजे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या त्यानंतरचं. त्याखाली निळ्यात 'जीवन शिक्षण मंदिर'. १९३७ ला वर्ध्याला गांधीजींनी हातानं काम करत शिकायची जी कल्पना मांडली, तिच्या वाऱ्यातलं ते नाव. याच खोलीत टकळीवर सूत काढल्याचं आजोबा सांगायचे. आणि सगळ्यात खाली, अक्षर निम्मं उडालेलं, 'लोकल बोर्ड मराठी शाळा'. माझ्या हातात पत्रा होता, आणखी दोन मिनिटं मिळाली असती तर तिन्ही गेली असती. ती फळी आता तशीच आहे, अर्धी खरवडलेली. अभ्यासिकेचं नाव आम्ही खाली, वेगळ्या छोट्या पाटीवर लिहिलंय.

हजेरी तुम्ही पुरी घेतलीत, वर चुना भिजत होता त्यातल्या चार खाड्यांचे पैसेही भांडून घेतलेत. बरं केलंत. पण दर संध्याकाळी गावातल्या दोन पोरांना घाणीवर थांबवून चुना कसा ओळखायचा ते शिकवलंत, ते कुठल्याच हिशोबात नव्हतं. त्यांनी परवा जोत्याच्या दोन सांध्यांत स्वतः चुना भरला. एक सांधा बरा जमलाय.

भाकरीचं शेंगाचटणीसकट पार्सल नातवाच्या हाती दिलंय. या पावसातली आहे, मोडून बघा, आवाज येतो की नाही.

आणि सवड काढून या. पश्चिमेच्या पाख्यावरची दोन कौलं वानरांनी सरकवलीत. आम्ही हात लावलेला नाही. शिडीवर आम्ही चढतो, तुम्ही खालून ओरडा.

आपला,
शाळेचा जुना विद्यार्थी