प्रशिक्षणातही प्रकल्प करायला लावा

महोदय,

नेरूळमधील एका शाळेत मी सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. गेल्या महिन्यात प्रकल्पांमध्ये तंत्रज्ञानाचा वापर कसा करावा, यावर आमचे तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. सभागृहात साठ-सत्तर शिक्षक होते. सुलभक पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवत होते आणि आम्ही मोबाइलवर त्यांचे फोटो काढत होतो. अ‍ॅप कसे उघडायचे, लॉगिन कसे करायचे, हजेरीची लिंक, शेवटी चाचणी. तीन दिवसांत आमच्यापैकी एकानेही प्रकल्प म्हणून काही करून पाहिले नाही.

डी.एड.ला आम्ही अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांची प्रकल्प पद्धती पाठ केली होती. ती त्यांनी मांडली १९१८ साली. आकारिक मूल्यमापनातही, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनात, प्रकल्प हे साधन आहेच. पण बहुतेक वेळा प्रकल्प म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली चित्रे आणि आईने रात्री जागून चिकटवलेला तक्ता. त्यात मुलाने स्वतः शोधलेले काही नसते, मग हातात टॅब दिला तरी तेच होणार.

मला हे उमगले ते शाळेच्या नळांमुळे. पिण्याच्या पाण्याचे तीन नळ गळत होते. मुलांनी प्रत्येकाखाली एक लिटरची बाटली धरली आणि माझ्या मोबाइलवर वेळ मोजली. पहिली बाटली भरायला १२ मिनिटे लागली, दुसरी १५, तिसरी २०. आकडे स्प्रेडशीटमध्ये भरून वर्गातल्या डिजिटल पॅनलवर आलेख काढला, तर पहिल्या नळाचा स्तंभ थेट वर गेला. दिवसाला ७,२०० लिटर! मुलांनी टाळ्याच वाजवल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ‘‘बाई, गच्चीवरची टाकीच पाच हजारांची आहे आणि ती दिवसातून एकदाच भरते. मग एवढं पाणी आलं कुठून?’’ पुन्हा सगळे वहीत डोके घालून बसले. १२ मिनिटांऐवजी १२ सेकंद लिहिले गेले होते. खरा आकडा १२० लिटर. तिन्ही नळ मिळून दिवसाला २८८ लिटर, आणि ते मोरबे धरणातून इथवर आलेले पाणी.

चूक मला आधीच दिसली होती. ती सांगून टाकावी की थांबावे? मी थांबले, पण धाकधुकीत. तास संपत आला होता, शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार आली होती, पाठही मागे पडले होते. स्प्रेडशीट शिकायला मला एक संध्याकाळ पुरली. मुले चूक शोधत असतानाच्या या दहा मिनिटांत काय करायचे, ते मात्र कोणत्याच प्रशिक्षणात कोणी शिकवलेले नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवते. त्यातले निम्मे तास तरी आमच्याच वर्गात जावेत. आधी शिक्षकांनी गटात एखादा छोटा प्रकल्प स्वतः करावा, त्यात अडावे, चुकावे. मग तो मुलांसोबत घ्यावा. साधनव्यक्तीने, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्याने, एक तास मागे बसून पाहावा आणि नंतर शेरा न लिहिता आमच्याशी बोलावे. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत आम्ही मुलांच्या वह्या घेऊन बसावे. खर्चाचे म्हणाल, तर आमचे काम एक पॅनल आणि एका मोबाइलवर झाले.

पुढचे प्रशिक्षण दिवाळीनंतर आहे, असे ऐकते. वेळापत्रक ठरण्याआधी संबंधित अधिकाऱ्यांनी याचा विचार करावा, ही विनंती. नळांच्या नोंदी, त्या चुकलेल्या आलेखासह, मी घेऊन येईन.

– एक शिक्षिका, नेरूळ, नवी मुंबई